शू लागली, हे तो कसं सांगणार?

दोघं सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसले तेव्हा बाबांच्या मोबाइलमध्ये सहा शाळांचा तक्ता तयार होता आणि आई गप्प होती. बर्लिनला बदली, निघायला तीन महिने, मुलगा चार वर्षांचा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) प्रश्न नेहमीचाच: इंग्रजी माध्यमाची इंटरनॅशनल स्कूल, की तिथली किटा, म्हणजे बालवाडी? "किटात म्हणे लिहायला-वाचायला शिकवतच नाहीत. दोन वर्षं वाया जातील," बाबा म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "मॅडम, शू लागली हे तो कसं सांगणार?"

मग तक्ता बाजूला ठेवला. ‘इश मुस माल’ हे तीन शब्द तिथली मुलं यासाठीच वापरतात. ते रोज खेळता खेळता म्हणायचे आणि जोडीला एक चित्राचं कार्ड त्याच्या खिशात ठेवायचं, असं ठरलं. आईचा चेहरा जरा सैल झाल्यावर शाळेकडे वळलो.

किती वर्षं राहणार, हे मी आधी विचारते. वर्षा-दोन वर्षांत पुन्हा देश बदलायचा असेल, तर इंटरनॅशनल स्कूल परवडत असल्यास मी नको म्हणत नाही. हे कुटुंब मात्र निदान पाच वर्षं राहणार होतं. जर्मनीत पहिली साधारण सहाव्या वर्षी सुरू होते, म्हणजे मुलांत मिसळून भाषा कानावर पडायला त्याच्याकडे दोन वर्षं होती. बर्लिनमध्ये २०१८ पासून किटाला फीही नाही, जेवणाचे थोडे पैसे द्यावे लागतात. जागा मिळणं कठीण असतं, म्हणून शोध लगेच सुरू करायला सांगितलं. आणि मागे पडण्याचं म्हणाल, तर इंग्लंडमध्ये मुलं चार पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात शाळेच्या पहिल्या, ‘रिसेप्शन’ नावाच्या वर्गात बसतात आणि फिनलंडमध्ये पहिलीला सातव्या वर्षी जातात. मग मागे कोणाच्या?

शाळेच्या नावापेक्षा मला पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे वाटतात. किटात मुलांना रुळवण्याची एक पद्धत आहे, ‘आइनगेव्योनुंग’. बर्लिनच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिच्या प्रकारात पहिले तीन दिवस आई किंवा बाबा वर्गातच बसतात आणि मुलाला सोडून जात नाहीत. चौथ्या दिवशी थोडा वेळ बाहेर जाऊन पाहतात. तो बाईंकडून शांत झाला तर वेळ हळूहळू वाढवतात. "नवं ऑफिस आहे, सुट्टी कशी मागू?" बाबा म्हणाले. रुजू व्हायची तारीखच पुढे ढकलता येते का बघा, असा आग्रह मी धरला. त्यांना दोन आठवडे मिळाले.

निघता निघता आई सहज बोलून गेली की तयारी म्हणून घरात आता फक्त इंग्रजीच बोलतात. ते मी तिथल्या तिथे थांबवायला सांगितलं. सगळंच अनोळखी होणार असताना रागावायची, रडायची, गोष्ट ऐकायची भाषा तरी त्याची त्याच्याकडे राहू दे.

किटात जाऊन दोन महिने झाल्यावर आईचा फोन आला. "तिथे एक शब्द बोलत नाही हो." मी विचारलं, घरी बोलतो का? अखंड. खेळतो का, बाईंनी सांगितल्यावर बूट घालतो का? हो. नवी भाषा ऐकून साठवणारी मुलं कित्येकदा काही महिने अशी गप्प असतात. घरीही बोलणं बंद झालं असतं, झोप किंवा खाणं बरेच दिवस बिघडलं असतं, तर मी लगेच तिथल्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं. इथे वाट पाहायची होती आणि "आज काय बोललास?" हा रोजचा प्रश्न बंद करायचा होता.

आणखी महिन्याभराने आईचा निरोप आला. न्यायला गेली तेव्हा तो ठोकळ्यांचा बोगदा बांधत होता. बाईंनी जॅकेट पुढे केलं, तर मोठ्याने म्हणाला, "थांब ना, बांधतोय मी!" बाई थांबल्या. मग आईला अर्थ विचारून त्यांनी ‘थांब’ हा शब्द रोमन लिपीत कागदावर लिहून घेतला. पहिला जर्मन शब्द त्यानंतर आठवड्याने आला: ‘नाइन’, म्हणजे नाही.