आधी तिच्या बाटल्या परत आणून द्या

निपाणीजवळच्या गावातल्या एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी दोनदा नीटला बसली, सीट लागली नाही, आता म्हणते मत्स्यशेतीचं घाण पाणी शेवाळानं साफ करायचं शिकणार. गच्चीवर तळ्याच्या पाण्याच्या बाटल्या मांडल्या होत्या त्या यांनी रागात फेकल्या, आणि विचारतायत तिला तिसऱ्यांदा नीटला कसं बसवू. सोबत 'खूळ' म्हणून तिच्या वहीचं पान जोडलंय.

दादा, मार्कांचं राहू दे, मी बाटल्यांपाशीच अडकले. तुम्हीच लिहिलंय की दोन वर्षांमागं तुमच्या तळ्यातले कटला-रोहू पहाटे तोंड वर काढून मेले आणि त्यानंतर तिनं हे सुरू केलं. म्हणजे घरचं नुकसान बघून पोरगी कामाला लागली, महिनाभर रोज पाण्याचा रंग लिहिला, आणि तुम्ही ते गच्चीवरून खाली टाकलं. ती आता जेवायलाही सोबत बसत नाही हे शेवटच्या ओळीत लिहिलंय, माझ्या लेखी पत्रात तेवढंच महत्त्वाचं आहे. तिसरी नीट नको, स्पष्ट सांगते. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, त्याचं ओझं तिच्यावर नको.

आता पोरी, तुझ्यासाठी. पानावर लिहिलंयस 'शेवाळ सोडलं की पाणी साफ'. इथं चुकतेयस. खाद्यातला बराचसा नायट्रोजन माशाच्या अंगी लागत नाही, कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात उतरतो, क्लोरेलासारखं शेवाळ तो आणि फॉस्फेट ओढून घेतं, इथवर बरोबर. पण ते शेवाळ बाहेर काढलं नाहीस तर मरून कुजतं आणि सगळं परत पाण्यात, आणि काढणंच अवघड, पेशी इतक्या बारीक की फडक्यातून निघून जातात. शिवाय दिवसा ऑक्सिजन देणारं शेवाळ रात्री तोच ओढतं, तुमचे मासे पहाटेच मेले ते बहुतेक यानंच. दुपारी उन्हात पीएच, म्हणजे पाण्याचा अल्कधर्मीपणा, चढतो, मग उरलेला अमोनिया जास्त विषारी होतो. सायनोबॅक्टेरिया, म्हणजे निळं-हिरवं शेवाळ म्हणतात ते जिवाणू, तेही सगळे सारखे नाहीत, स्पिरुलिना माणसं खातात, ॲनाबीना हवेतला नायट्रोजन उलट पाण्यात आणतो, मायक्रोसिस्टिसचं विष तर यकृतावर जातं. म्हणून शेवाळाची टाकी वेगळी, माशांचं तळं वेगळं.

रस्ता सोपा आहे, केसीईटी या कर्नाटकच्या प्रवेशपरीक्षेतून बी.एफ.एससी., म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी, मंगळुरूचं फिशरीज कॉलेज, चार वर्षं, पुढं पदव्युत्तरला मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई ही केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था. नाही लागलं तर बेळगावात मायक्रोबायोलॉजी घेऊन बीएस्सी. आणि कन्नड लिहा-वाचायला शिक, इथल्या मत्स्य खात्यात त्याशिवाय चालायचं नाही.

दादा, या रविवारी पहाटे पाचला तिच्यासोबत तळ्यावर जा, ऑक्सिजन आणि अमोनिया मोजायचं किट घेऊन. दुपारी तीनला परत मोजा. आकडे तिला लिहू द्या, बॅटरी तुम्ही धरा.