टिश्यू इंजिनीअरिंगला बी.टेक. लागतं का?

प्रश्न : मुलगी सांगलीत बी.एस्सी. बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रयोगशाळेत कातडी, कूर्चा वाढवतात त्या टिश्यू इंजिनीअरिंगमध्ये शास्त्रज्ञ व्हायचं म्हणते. त्याला बी.टेक. लागतं का? पीएच.डी. होईपर्यंत अठ्ठावीस वर्षांची होईल. नोकरी मिळते का? आमचा दुधाचा धंदा, यातलं काही कळत नाही.
– एक पालक, तासगाव तालुका

उत्तर : दुधाचा धंदा करता म्हणजे यातलं बरंच कळतं तुम्हाला.

बी.टेक.ची अट नाही, बी.एस्सी., एम.एस्सी. करूनही जाता येतं. पण लेकीला एक विचारा, टिश्यू इंजिनीअरिंगच हवं की सेल लाइन डेव्हलपमेंटही चालेल? पहिल्यात पेशींना साचा देऊन त्यांच्याकडून ऊती घडवून घ्यायची. तिथलं बहुतेक काम अजून संशोधनाचं आहे, पीएच.डी.शिवाय फार पुढे जाता येत नाही.

दुसऱ्यात औषध कंपन्यांच्या नोकऱ्या आहेत. कर्करोगावरची बरीच अँटिबॉडी (प्रतिपिंड प्रथिनांची) औषधं 'सीएचओ' पेशींकडून बनवून घेतात. चायनीज हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या अंडाशयातून 1957 साली काढलेल्या पेशींचा हा वंश. त्यांच्यात हवा तो जनुक घालायचा आणि शेकडो क्लोन, म्हणजे एकेका पेशीपासून वाढवलेले समूह, तपासून एक निवडायचा. बाजारात म्हैस घेताना तुम्ही नुसतं आजचं दूध बघता का? पुढच्या वेतांचा अंदाज घेता. इथेही भरपूर प्रथिन देणारा, पण पिढ्यान् पिढ्या तेवढंच देत राहणारा क्लोन लागतो. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबाद इथे एम.एस्सी.वरही या कामात शिरकाव होतो.

या क्षेत्रासाठी मी मार्कांपेक्षा स्वभाव बघतो. गोठ्याला रविवार नसतो, तसा 37 अंशांवर ठेवलेल्या पेशींनाही नसतो. त्यांच्यात मायकोप्लाझ्मा नावाचा अतिसूक्ष्म जिवाणू शिरला तर मीडिया, म्हणजे पेशींना वाढवायचं पोषक द्रव, गढूळ होत नाही, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, आणि चाचणीत कळेपर्यंत काही महिन्यांची मेहनत वाया गेलेली असते. ते सगळं टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं तिला जमेल का, हे घरी बसून कळणार नाही. म्हणून शेवटच्या सेमिस्टरचा प्रकल्प सेल कल्चरमध्येच, म्हणजे प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या कामातच, घ्यायला लावा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्थेत देशाचं पेशींचं भांडार आहे. तिथल्या आणि इतर संस्थांमधल्या शास्त्रज्ञांना तिने स्वतः ईमेल करावा. दहा पाठवले तर एखाद्याचं उत्तर येतं, नाराज होऊ नये. पंधरा दिवसांत सर्टिफिकेट देणाऱ्या महागड्या कोर्सची फी मात्र भरू नका. तिथे फ्लास्क बहुधा शिकवणाऱ्याच्याच हातात असतो.

एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी बायोटेकची गॅट-बी आणि आयआयटीची जॅम, दोन्ही प्रवेश परीक्षा द्याव्यात. गॅट-बीतून मिळणाऱ्या जागांना विद्यावेतनही असतं.

अठ्ठाविसाव्या वर्षाबद्दल लिहिलंत, त्यामागची काळजी नोकरीपुरतीच नसावी असं वाटलं. त्यात मी पडत नाही. पण नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली, तर सुरुवातीलाच महिना 37,000 रुपये मिळतात, म्हणजे पीएच.डी.ची वर्षं तुमच्या दुधाच्या बिलावर काढावी लागणार नाहीत. ईमेल मात्र दिवाळीआधी जाऊ द्या.