ट्रिपल ऑप्शन खेळणाऱ्या संघापुढे चांगला बचावही का गडबडतो, आणि त्याला अडवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की तुमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा बचाव एरवी भक्कम आहे, पण येत्या शनिवारी ट्रिपल ऑप्शनवाल्या, म्हणजे चेंडू तिघांपैकी कुणी घेऊन पळायचं हे पळता पळता ठरवणाऱ्या, संघाशी गाठ आहे म्हणून सगळे काळजीत आहेत. जो संघ चेंडू फारसा फेकतच नाही, त्याला एवढं काय घाबरायचं?

घाबरायला कारण आहे. २०११ सालचा अलाबामाचा बचाव कॉलेज फुटबॉलमधल्या आजवरच्या उत्तम बचावांत मोजला जातो. त्या मोसमात त्यांच्याविरुद्ध धावून सरासरी ७२ यार्डच मिळायचे. नोव्हेंबरात जॉर्जिया सदर्न हा खालच्या विभागातला संघ त्यांच्या मैदानावर आला आणि ३०२ यार्ड धावून गेला. मॅच अलाबामानेच जिंकली, ४५-२१. पुढे राष्ट्रीय विजेतेपदही त्यांनाच मिळालं. पण प्रशिक्षक निक सेबन यांच्या डोक्यातून ती मॅच गेली नाही. चार वर्षांनी तशाच एका लहान संघाशी खेळायची वेळ आली, तेव्हा पत्रकारांसमोर त्यांनी तिची आठवण काढून चांगलीच आगपाखड केली होती.

मी स्वतः हा खेळ कधी खेळलेलो नाही. शनिवारचे शनिवार टीव्हीसमोर घालवून आणि प्रशिक्षकांची व्याख्यानं ऐकून जे कळलं ते सांगतो.

आधी गणित समजून घ्या. नेहमीच्या धावेच्या खेळात क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, चेंडू दुसऱ्याच्या हातात देतो आणि बाजूला होतो, म्हणजे तो कुणाला अडवत नाही. चेंडू घेतलेला गडीही अडवत नाही. उरले नऊ. बचावाकडे अकरा असतात. एक जण लांब मागे उभा असला, तरी बचावाला एक माणूस नेहमी जास्तीचा सापडतो. ट्रिपल ऑप्शन हा जास्तीचा माणूस खाऊन टाकतं. बचावातल्या दोघांना मुद्दाम मोकळं सोडायचं, त्यांना अंगाने अडवायचंच नाही, त्यांनी जे केलं त्याच्या उलट करायचं. ते दोघे मैदानावर असून नसल्यासारखे होतात आणि त्यांच्यासाठी ठेवलेले आक्रमणातले गडी पुढच्या लाइनबॅकरवर (बचावाच्या दुसऱ्या फळीवर) आणि सेफ्टीवर (सगळ्यात मागच्या माणसावर) सुटतात.

हल्ली हे बहुतेक फ्लेक्सबोन रचनेतून खेळतात. क्वार्टरबॅक सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्या गड्याच्या) पाठीला चिकटून, फुलबॅक त्याच्या थेट मागे, आणि दोन्ही टॅकलच्या (आक्रमणाच्या पुढच्या रांगेतल्या टोकाच्या गड्यांच्या) बाहेर किंचित मागे एकेक स्लॉटबॅक. चेंडू निघाला की क्वार्टरबॅक तो फुलबॅकच्या पोटाशी धरतो, पण नजर असते पहिल्या मोकळ्या माणसावर, बहुधा डिफेन्सिव्ह एंडवर, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेतल्या टोकाच्या गड्यावर. एंड फुलबॅकवर धावून आला तर चेंडू काढून घ्यायचा, नाही आला तर फुलबॅककडे सोडून द्यायचा. ही डाइव्ह. चेंडू काढून घेतला तर पुढे बाहेरचा दुसरा मोकळा माणूस भेटतो. तो क्वार्टरबॅकच्या अंगावर आला की चेंडू बाजूने पळणाऱ्या स्लॉटबॅककडे पिच करायचा, म्हणजे हाताने उडवायचा, आणि तो स्लॉटबॅकच्या मागे गेला की स्वतः घेऊन पळायचं. हे सगळं दोनेक सेकंदांत. यातलं कुठलंच कोड्यात टाकणारं नाही. तरीही तुमचा एक माणूस अर्धा सेकंद चुकीकडे बघत राहिला, की बारा यार्ड गेले.

म्हणून बचावाचा पहिला नियम ऐकायला फार सोपा आहे. प्रत्येक बाजूला डाइव्ह कुणाची, क्वार्टरबॅक कुणाचा आणि पिच कुणाची हे आधी ठरवायचं, आणि चेंडू कुठेही असो, प्रत्येकाने आपला माणूस धरायचा. ज्याच्या वाट्याला पिच आहे, त्याने फुलबॅक चेंडू घेऊन पळतोय असं दिसलं तरी तिकडे जायचं नाही. चांगल्या खेळाडूला हेच सगळ्यात जड जातं. लहानपणापासून त्याला चेंडूमागे पळायला शिकवलेलं असतं आणि आता सांगतात की चेंडूकडे बघूच नकोस. काही प्रशिक्षक या आठवड्याच्या सरावातून चेंडूच काढून घेतात. समोरून तिघे तीन दिशांना धावतात, आणि कुणाच्याच हातात काही नसल्यामुळे प्रत्येकाला आपापल्या माणसाला पाडावंच लागतं.

पण एवढ्यावर भागत नाही, आणि इथेच बरेच संघ फसतात. वाटणी ठरलेली आणि कायमची असेल, तर पॉल जॉन्सनसारखा प्रशिक्षक ती दोन ड्राइव्हमध्ये (चेंडू एकदा हाती आला की जाईपर्यंतच्या सलग खेळ्या म्हणजे एक ड्राइव्ह) ओळखतो आणि उरलेला दिवस तिच्यावरच घाव घालत बसतो. जॉन्सन यांनी हा खेळ जॉर्जिया सदर्न, नेव्ही (अमेरिकी नौदल अकादमीचा संघ) आणि मग २००८ ते २०१८ जॉर्जिया टेक इथे खेळवला. साइडलाइनवर उभे राहून ते स्वतः चाली ठरवायचे. त्यांच्याविरुद्ध चालायचं ते असं, की क्वार्टरबॅक जे बघतो तेच खोटं ठरवायचं.

ते कसं? एका खेळीत एंड आत दाबत येतो, थेट फुलबॅकवर. क्वार्टरबॅकला वाटतं, डाइव्ह बंद, चेंडू काढून घ्या. तो काढून घेऊन बाहेर वळतो, तर एंडच्या पाठीमागून वळसा घालून आलेला लाइनबॅकर त्याच्यासमोर उभा. पुढच्या वेळी एंड जागेवर थांबतो. क्वार्टरबॅक म्हणतो, डाइव्ह मोकळी आहे. देतो, आणि फुलबॅक त्याच लाइनबॅकरवर जाऊन आदळतो, कारण या खेपेला तो आतून आलाय. दोघांनी कामं बदलली, बाकी काही नाही. बदलायची कधी हे मात्र शेवटच्या क्षणी ठरलं पाहिजे.

यात एंडचं एक न दिसणारं काम आहे, आणि माझ्या मते अर्धी मॅच तिथेच ठरते. समोरचा टॅकल एंडला सोडून आतल्या बाजूने लाइनबॅकरवर जायला बघतो. एंडने त्याला सुखाने जाऊ दिलं, तर तुमचा लाइनबॅकर संपला आणि वरची सगळी अदलाबदल कागदावरच राहिली. एंडने टॅकलच्या खांद्यावर हात ठोकून त्याच्यासोबतच आत सरकायचं. असं केल्याने लाइनबॅकर मोकळा राहतो आणि फुलबॅकची वाटही बुजते. टीव्हीवर समालोचक या एंडचं नाव क्वचितच घेतात.

पिचच्या बाजूला मात्र प्रशिक्षकांत एकमत नाही. काहींना वाटतं, बाहेरच्या माणसाने क्वार्टरबॅकवर सरळ तुटून पडावं, म्हणजे पिच घाईत होते आणि चेंडू जमिनीवर पडायची शक्यता वाढते. दुसरे म्हणतात, छाती समोर ठेवून त्याने बाजूबाजूने सरकत राहावं. कबड्डीत चांगला कोपरारक्षक चढाईपटू टप्प्यात पुरता येईपर्यंत झेप घेत नाही, तसं. क्वार्टरबॅक गोंधळतो, तेवढ्यात आतून मदत पोचते आणि मैदानाची कड जवळ येत जाते. मी दुसऱ्या मताचा, पण दिवसभर एकच केलं तर कुठलंही मत फसतं.

क्रम विचाराल, तर आधी फुलबॅक. पिचवर लांब पळालेले स्लॉटबॅक डोळ्यांत भरतात, म्हणून बचाव बाहेर पसरतो आणि मध्यातून रक्तस्राव सुरू होतो. २०१० मध्ये नेव्हीने नोत्र दामला ३५-१७ हरवलं, त्यात फुलबॅक अलेक्झांडर टाइक याने एकट्याने २१० यार्ड काढले. पुढच्या वर्षी तोच प्रशिक्षकवर्ग ठेवून नोत्र दामने ५६-१४ असा निकाल लावला. मधल्या काळात त्यांनी याच आक्रमणाचा अभ्यास केला असणार, हे वेगळं सांगायला नको.

अभ्यासाला वेळ किती, हा खरा कळीचा प्रश्न आहे. शनिवार ते शनिवार म्हणजे सरावाचे जेमतेम चार दिवस. तुमच्या राखीव खेळाडूंची स्काउट टीम ट्रिपल ऑप्शनची नक्कल करते, पण तो वेग तिला येत नाही, कारण समोरचे वर्षानुवर्षं हेच खेळत आलेत. वर कट ब्लॉक. समोरचा गडी तुमच्या पायांवर झेप घेतो, तेव्हा हात खाली नेऊन त्याचं हेल्मेट किंवा खांदा जमिनीकडे दाबायचा आणि पाय मागे फेकायचे. गुडघे फुटतील या भीतीने सरावात हे कुणी पूर्ण जोराने करत नाही, त्यामुळे पहिला खराखुरा कट ब्लॉक मॅचमध्येच खावा लागतो.

मोसमानंतरच्या बोल सामन्याआधी महिनाभर मिळाला की चित्र पालटतं. जॉर्जिया टेकचं बघा. २००८ च्या मोसमाअखेरच्या बोल सामन्यात एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) त्यांना ३८-३ धुतलं. पुढच्या मोसमानंतर ऑरेंज बोलमध्ये आयोवाने त्यांना सगळे मिळून १५५ यार्डच दिले आणि मॅच २४-१४ जिंकली. त्याच टेककडे तेव्हा डेमेरियस थॉमस होता, ज्याने त्या मोसमात प्रत्येक झेलामागे सरासरी २५ यार्ड काढले होते. या आकड्यामागे ट्रिपल ऑप्शनच आहे. सेफ्टी पन्नास वेळा धाव अडवायला पुढे येतो आणि एक्कावन्नाव्या वेळी चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. म्हणून सेफ्टीने आधी स्लॉटबॅककडे बघायचं: तो अडवायला येतोय की पुढे निसटतोय. मगच पुढे यायचं. महिना मिळूनही खात्री नसतेच. २०१४ च्या ऑरेंज बोलमध्ये टेकने मिसिसिपी स्टेटला ४९-३४ हरवलं होतं.

आता एक गोष्ट जी बचावाच्या हातात नाही. दहा यार्ड जायला चार डाऊन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात. हे संघ चौथ्या डाऊनलाही खेळतात, त्यामुळे प्रत्येक खेळीत अडीच-तीन यार्ड त्यांना पुरतात. घड्याळ पळत राहतं आणि तुमच्या आक्रमणाला अख्ख्या मॅचमध्ये सात-आठ वेळाच चेंडू मिळतो. २०१८ मध्ये आर्मी (लष्करी अकादमीचा संघ) ओक्लाहोमाच्या मैदानावर गेली. ओक्लाहोमाकडे कायलर मरे, ज्याला त्याच वर्षी हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाला. तो बहुतेक वेळ बाकावर बसून होता, कारण ६० मिनिटांपैकी ४४ मिनिटं ४१ सेकंद चेंडू आर्मीकडे होता. ओक्लाहोमा जादा वेळेत २८-२१ अशी कशीबशी सुटली. तेव्हा बचाव प्रशिक्षकाची सगळ्यात मोठी मदत स्वतःच्या आक्रमणाने पहिल्या दोन ड्राइव्हमध्ये गुण मिळवून करायची असते. चौदा गुणांनी मागे पडलेला ट्रिपल ऑप्शन संघ फेकायला लागतो, आणि ते त्यांचं बलस्थान नाही.

कुणी म्हणेल, आता नियम बदललेत, हे आक्रमण संपत आलंय. २०२२ पासून कमरेखालचे ब्लॉक टॅकलच्या आतल्या पट्ट्यापुरतेच उरले. त्याचा फटका बसला हे खरं. आर्मीने २०२३ मध्ये शॉटगनमधून, म्हणजे क्वार्टरबॅकला सेंटरपासून काही यार्ड मागे उभं करून, खेळून पाहिलं. मग २०२४ मध्ये क्वार्टरबॅक पुन्हा सेंटरच्या मागे आणला, ब्रायसन डेलीच्या हाती चेंडू दिला आणि अमेरिकन कॉन्फरन्समध्ये पहिल्याच वर्षी विजेतेपद घेऊन १२-२ असा मोसम संपवला.

शनिवारी बघताना चेंडू सोडून द्या आणि पहिल्या पंधरा मिनिटांत दोनच गोष्टी बघा. तुमचा एंड समोरच्या टॅकलवर हात टाकतोय की टॅकल त्याला ओलांडून सरळ लाइनबॅकरवर जातोय? आणि फुलबॅक दर वेळी किती जातोय? दीड-दोनवर पडत असेल, तर त्यांना तिसऱ्या डाऊनला सहा-सात यार्ड लागतील आणि तुमचे लोक हवे तसे खेळू शकतील. चार-चार मिळत असतील, तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये एखादी लांब पिच सुटणार हे धरून चला.