पुरवठादार, ट्रान्सपोर्टर, गोडाउन सगळे वेगवेगळे. कामाचा मेळ कसा घालायचा?

कारखाना अंधेरीला, कच्चा माल वसईहून, गोडाउन भिवंडीत, गाड्या तिसऱ्याच्याच. या सगळ्यांचा मेळ घालायला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझं ऐकाल तर सॉफ्टवेअरला थोडं थांबा. आधी माल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो ती जागा पक्की करा. जो तो आपल्या आवारात काम नीटच करतो. घोळ होतो तो गेटवर.

भिवंडीत रात्री गाडी लागते. ड्रायव्हरला पुढची फेरी गाठायची असते. गोडाउनवाला चलानावर शिक्का मारून मोकळा होतो, मोजणी सकाळी. तेव्हा चार बॉक्स कमी भरतात. पुरवठादार म्हणतो पूर्ण पाठवले, ट्रान्सपोर्टर शिक्का दाखवतो, आणि बिल तुमच्या अकाउंट्समध्ये अडकून पडतं.

खरेदीचं काम बघताना मी एक नियम लावून धरला: शिक्का मोजणीनंतरच. कमी असेल, फुटलं असेल ते चलानावरच लिहायचं, ड्रायव्हरची सही घ्यायची, तिथल्या तिथे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा. चलानावर पीओ नंबर, म्हणजे खरेदी ऑर्डरचा क्रमांक, हवाच आणि जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, त्याच दिवशी. ड्रायव्हरचा वेळ जातो हे खरं, म्हणून गाडी थांबण्याचे पैसे ट्रान्सपोर्टरशी आधीच ठरवा. तो त्याचा हक्कच आहे. वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) भाग-ब मध्ये नव्या गाडीचा नंबर कोण भरणार, तेही बोलून घ्या.

माल मिळाल्याच्या तारखेला कायद्यातही वजन आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५. मालाबद्दल हरकत असेल तर तीही १५ दिवसांत लेखी कळवायची, नाहीतर माल स्वीकारला असंच धरतात. मुदत टळली की प्राप्तिकरात त्या खर्चाची वजावट पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षीच मिळते. छोट्या पुरवठादाराचं सगळं चक्र या पैशांवर फिरतं, तेव्हा इथे चालढकल नको.

एखाद्या दुपारी तिघांनाही गोडाउनवर बोलवा. मालकांपेक्षा शिक्का मारणारा, गाडी भरणारा आणि बिल करणारा माणूस महत्त्वाचा. कोणता कागद, कोणाची सही, किती वाजेपर्यंत, हे त्यांच्याच तोंडून लिहून घ्या. दोनेक महिने हे कागदावर सुरळीत चाललं की सॉफ्टवेअर बघा. हिशेबाला टॅली सॉफ्टवेअर असेल तर पर्चेस ऑर्डर आणि रिसीट नोट (माल मिळाल्याची नोंद) त्यातच आहेत. सुरुवातीला तेवढ्यावर भागतं.