बेसीचे दोन स्वर आणि मधली जागा

प्रश्न : ताई, मी गेल्या दिवाळीपासून वांद्र्याला स्विंग नाचाच्या क्लासला जातो. आमचे सर सारखा काउंट बेसी या अमेरिकन जाझ पियानोवादकाचा बॅण्ड लावतात आणि म्हणतात, पियानो ऐका. मी कान देऊन ऐकतो, तर पियानो मध्येच दोन स्वर वाजतो आणि गप्प बसतो. बाकी सगळा ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा दणका. मग हा पियानोवाला एवढा थोर कसा? – एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि मला माझे वडील आठवले. नोकरी सांभाळून ते संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करायचे. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत अर्धी भिंत त्या पायपेटीनंच अडवलेली. मी पियानो शिकत होते तेव्हा चोरबाजारातून बेसीची एक जुनी रेकॉर्ड आणली. वडिलांना जाझचं काडीचंही वेड नव्हतं. पण एक बाजू पुरती ऐकून ते म्हणाले, "अगं, याला साथ कळते."

पद गाताना नट तान संपवून श्वास घेतो, तेव्हा नवखा साथीदार ती जागा लगेच बोटांनी भरून टाकतो. मुरलेला साथीदार ती मोकळी राहू देतो आणि मुखडा हातात देण्यापुरते दोन स्वर ठेवतो. बेसी हेच करतो. फरक एवढाच, की त्याच्यासमोर गाणारा नाही, नाचणारी माणसं आहेत.

त्याला जास्त वाजवता येत नव्हतं, असं मात्र अजिबात समजू नका. 1904 साली न्यू जर्सीतल्या रेड बँक गावी तो जन्मला, पियानोची सुरुवात आईपाशी झाली. पुढे न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतल्या लिंकन थिएटरात मूकपटांना ऑर्गन वाजवणाऱ्या फॅट्स वॉलरच्या शेजारी बसून तो ऑर्गन शिकला. (मूकपटाची साथ आणि नाटकाची साथ, एकाच घराण्याच्या म्हणाव्यात ना!) वॉलरची शैली स्ट्राइड. तिच्यात डावा हात सतत उड्या मारतो : पहिल्या-तिसऱ्या मात्रेला खाली खर्जात, दुसऱ्या-चौथ्याला मधल्या सप्तकात तीन-चार स्वरांचा गुच्छ. म्हणजे ठेकाही तोच हात धरतो. हे सगळं बेसीच्या हातात होतं. 1929 पासून तो बेनी मोटनच्या बॅण्डमध्ये होता. त्या वेळच्या रेकॉर्डमध्ये त्याची बोटं भरभरून पळतात.

मग ती थांबली कशी? 1927 मध्ये एका फिरत्या कंपनीबरोबर तो कॅन्सस सिटीला आला, कंपनी मोडली आणि तो तिथेच अडकला. 1935 मध्ये मोटन वारल्यावर त्यानं स्वतःचा बॅण्ड उभा केला. माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण त्याला सोबती असे मिळाले की डाव्या हाताला कामच उरलं नाही. वॉल्टर पेजचा बास चारही मात्रा चालत राहायचा. 1937 मध्ये आलेला फ्रेडी ग्रीन गिटारवर प्रत्येक मात्रेला एकच हलका आघात द्यायचा, सोलोच्या वाट्याला जवळपास जायचाच नाही. ड्रमवाला जो जोन्स, त्यानं ठेका पायाच्या जड ढोलावरून उचलून झांजांच्या जोडीवर, हाय-हॅटवर नेला, म्हणून तो तरंगता वाटतो. एवढं तिघांनी धरल्यावर पियानोनं पुन्हा तेच कशाला कुटायचं? बेसीनं हात उचलला. उजव्या हातानं वरच्या सप्तकात, ओळ संपता संपता, एखादा टिंग. पुढच्या वेळी क्लासमध्ये बघा, नेमक्या त्याच टिंगवर जुने नाचणारे खांदा उडवतात नाहीतर टाच टेकतात. त्यानं भरलं असतं, तर त्यांना काही सुचायला जागाच राहिली नसती.

घरी एक करा. 1937 चं 'वन ओ'क्लॉक जंप' लावा. सुरुवात पियानोचीच आहे. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. आपला हात सवयीनं पहिल्या मात्रेकडे, समेकडे धावतो. त्याला आवरायला मला आठवडा लागला होता. मग 1955 चं 'एप्रिल इन पॅरिस' ऐका. तुकडा संपला असं वाटतं, बेसीचा आवाज येतो 'वन मोअर टाइम', आणि शेवट पुन्हा. त्यानंतर आणखी एकदा. नाचणाऱ्यांना हे पाठ असतं, तरी दर वेळी ती थांबलेली पावलं उचलताना त्यांचे चेहरे फुलतात.

प्रश्न : मुंबईत असा कुणी पियानोवादक होऊन गेला का? – एक वाचक, दादर

उत्तर : होता, आणि त्याचं नाव आपल्याकडे फार कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं. टेडी वेदरफर्ड. जन्म 1903, व्हर्जिनियातला. शिकागोत लुई आर्मस्ट्राँगबरोबर एकाच बॅण्डमध्ये वाजवून तो 1926 मध्ये आशियाकडे निघाला. शांघायनंतर, तिसाच्या दशकाच्या उत्तरार्धात, आपल्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बॅण्ड होता. डावा हात तोच, स्ट्राइडचा, बळकट. 1945 मध्ये कोलकात्यात पटकीनं तो गेला.

त्या काळच्या हॉटेलांतल्या नाचाच्या बॅण्डांमध्ये आपले गोव्याचे वादक तयार झाले. त्यांतला चिक चॉकलेट हा ट्रम्पेटवाला पुढे सी. रामचंद्रांचा साहाय्यक झाला. 1951 च्या 'अलबेला'तल्या गाण्यांवर भगवानदादा पावलं टाकतात तेव्हा लक्ष त्यांच्या हातांकडे जातंच, या खेपेला मागच्या ब्रासकडे, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांकडे द्या. गणपतीत आपण ज्यावर नाचलो, त्यात स्विंगचा अंश केव्हाचा होता.

प्रश्न : माझं वय अठ्ठावन्न. मुलगी म्हणते, आई, चल क्लासला. गुडघ्यांचं काय? – एक वाचक, ठाणे

उत्तर : जरूर जा, आधी डॉक्टरांना विचारून. हार्लेमच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये जोडीदाराला हवेत उडवण्याची करामत 1935 च्या सुमारास बसवणारा फ्रँकी मॅनिंग पुढे कित्येक वर्षं टपाल खात्यात नोकरी करत होता. ऐंशीच्या दशकात तरुण पोरं त्याला शोधत आली आणि नव्वदी ओलांडल्यावरही तो शिकवत राहिला. उड्या तुम्हाला कुणी मारायला लावणार नाही. रबरी तळाचे बूट मात्र टाळा. ते फरशीला चिकटतात, पाय जागीच राहतो आणि वळताना पीळ गुडघ्याला बसतो. चामडी तळाचा, टाचेला पट्टा असलेला जोडा घ्या. पावसात तो पिशवीतून न्या आणि तिथे पोचल्यावरच पायात घाला.