अर्धी काच नको, जाळी घे

भावा, लेहला बर्फावर आइस हॉकी खेळायला निघालायस, झकास! पण तुझ्या फोटोतलं ते अर्ध्या काचेचं हेल्मेट बघून राहवलं नाही. ध्यानचंद स्टेडियमच्या टर्फवर आपण उघड्या तोंडानं हॉकी खेळलो, ती सवय इथंच सोडून जा.

तिथं चेंडूऐवजी पक असते. तिचं वजन 156 ते 170 ग्रॅम, म्हणजे साधारण आपल्या हॉकीच्या चेंडूएवढंच. पण ती गारठून दगड झालेली रबरी चकती असते. आणि खरी भीती पकपेक्षा स्टिकची. पाय घसरला की समोरच्याची स्टिक आपोआप वर येते. माझ्या पहिल्याच हंगामात असंच एक पातं काचेखालून घुसलं, ओठाला तीन टाके. घरी आलो तर समोर तांबडा रस्सा, आणि माझ्या ताटात दूधभात!

एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या आइस हॉकी लीगमध्ये, नव्या खेळाडूंना काच सक्तीची झाली ती 2013 मध्ये. गोलकीपर जॅक प्लांटनं तर 1959 मध्ये तोंड फुटल्यावर टाके घालून घेतले आणि मुखवटा चढवूनच परत उतरला. प्रशिक्षकाला ते पटत नव्हतं, बरं का.

तू हेल्मेटला पूर्ण तोंड झाकणारी गजांची जाळी घे. दोन दिवस ते गज डोळ्यांपुढे नाचतील, मग दिसायचेही बंद होतील. काचेवर वाफ धरते, जाळीला ती कटकट नाही. हनुवटी जाळीच्या खालच्या कपात नीट बसली पाहिजे. पट्टा आवळून जाळी हलवून बघ; नाकाला टेकली तर माप चुकलंय. माउथगार्डही लागेलच. जुनं हेल्मेट कुणी फुकट दिलं तरी आधी आत तडा आहे का बघ.