फिश टँकचा लाईट, हीटर आणि सीओटू घरी बनवलेल्या कंट्रोलरवर चालवता येतात का?

तुम्ही विचारलंय की दोन फुटी प्लांटेड (जिवंत पाणवनस्पतींचा) टँक आहे, आर्डुइनोवर, म्हणजे कोड भरून चालवायच्या छोट्या बोर्डवर, एलईडी लुकलुकवण्याइतपत येतं, रेडीमेड कंट्रोलरच्या किमती बघून पोटात गोळा आला, तर हे सगळं स्वतः जोडता येईल का आणि सुरुवात कुठून करायची. येईल की. माझा टँकही तेवढाच आहे, साधारण ५५ लिटरचा, आणि घरी जोडलेल्या डब्यावर त्याचं चौथं वर्ष चालू आहे. हीटर सोडून दोन-अडीच हजार गेले असतील, त्यातले पाचशे तरी चुकीच्या वस्तूंवर.

सुरुवात लाईटपासून करा, कारण त्यात चुकलं तर फार तर शेवाळ येईल, मासे मरणार नाहीत. १२ व्होल्टची ५०५० वाली एलईडी पट्टी घ्या, ६५०० केल्विनची (दिवसाच्या उजेडासारखी पांढरी), मीटरला १४.४ वॉटवाली. टँकच्या लांबीहून जरा आखूड अशा चार ओळी म्हणजे सव्वादोन मीटर धरा, ३२ वॉट, पावणेतीन अँपिअरच्या आत, त्याला ५ अँपिअरचा सप्लाय निवांत पुरतो. पट्टी ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर चिकटवा, स्लायडिंगच्या खिडक्या करणाऱ्याकडे तुकडे पडलेले असतात, मला तर चहाच्या पैशात मिळाले. आणि खाली ॲक्रिलिकची शीट हवीच, नाहीतर वाफेने सहा महिन्यांत पट्टीचे जोड हिरवे पडतात.

आता पाचशेची गोष्ट. पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन मॉस्फेट (आर्डुइनोच्या इशाऱ्यावर पट्टीचा करंट चालू-बंद करणारा स्विच) मागितला, काउंटरवरच्याने 'झेड४४' म्हणून हातावर ठेवला, मी घेऊन आलो. तो आयआरएफझेड४४एन होता. त्याच्या गेटला, म्हणजे इशारा घेणाऱ्या पायाला, पूर्ण उघडायला १० व्होल्ट लागतात, आर्डुइनो देतो ५, मग तो धड उघडतही नाही आणि बंदही होत नाही, नुसता तापत बसतो. तुम्हाला पाहिजे आयआरएलझेड४४एन, मधलं अक्षर 'एल', ५ व्होल्टला व्यवस्थित उघडतो आणि एवढ्या करंटला हीटसिंकही लागत नाही. दुकानात उभं राहून अक्षर वाचून घ्या, दुकानदार 'एकच आहे ओ' म्हणेल, एकच नाहीये.

लाईट एकदम लावू नका. अंधारात फाटकन उजेड पडला की निऑन टेट्रा सैरावैरा काचेवर आपटतात, म्हणून अर्ध्या तासाची पहाट करा. पण पीडब्ल्यूएम (आर्डुइनोतला उजेड कमी-जास्त करायचा आकडा) ० ते २५५ सरळ चढवत नेलं तर पहिल्या चार-पाच मिनिटांतच सगळं उजळल्यासारखं वाटतं आणि पुढे काही बदलतंय असं वाटतच नाही, कारण डोळ्याला खालच्या पायऱ्या मोठ्या दिसतात. त्यावर उपाय साधा आहे, वेळेचा वर्ग घ्या, म्हणजे अर्धा वेळ गेला की पाव उजेड. पहिले दोन महिने सहा तासच लाईट ठेवा, झाडं धरली की आठ.

वेळेसाठी डीएस३२३१ चं घड्याळ लावा, आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते, तरी याचं टायमिंग सेलवर चालू राहतं. फक्त त्या निळ्या मॉड्यूलवर चार्जिंगचं सर्किट असतं, साधा सीआर२०३२ सेल घातला तर ते त्यालाही चार्ज करायला बघतं, तेव्हा तिथला रेझिस्टर किंवा डायोड काढून टाका. कोडमध्ये मिलिस (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद मोजणारं फंक्शन) वापरून दिवस मोजायचा शहाणपणा करू नका, ४९ दिवस १७ तासांनी तो आकडा परत शून्यावर येतो आणि रात्री दोनला सूर्य उगवू शकतो. वायफायवाला बोर्ड घ्यायचा का असंही विचारलंत, मी तरी नाही घेतला, राऊटर बंद पडला म्हणून माशांचा दिवस का अडावा.

हीटरचं मात्र नीट वाचा. पहिल्या थंडीत मी डीएस१८बी२० या तापमान सेन्सरचा प्रोब पाण्यात सोडला, कोडमध्ये एकच ओळ, तापमान २५ च्या खाली गेलं की रिले (हीटर चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) चालू. हीटर १०० वॉटचा, त्याची स्वतःची तापमान ठरवायची चकती मी शेवटपर्यंत फिरवून ३४ वर ठेवली, म्हटलं आता कंट्रोलर आहे ना. एका रात्री प्रोबची वायर ब्रेडबोर्डमधून सैल झाली. आता या प्रोबशी संपर्क तुटला की लायब्ररी एरर वगैरे देत नाही, सरळ आकडा देते, उणे १२७. माझ्या कंट्रोलरच्या हिशेबाने पाण्याचा बर्फ झाला होता, त्याने बिचाऱ्याने रात्रभर इमाने इतबारे हीटर चालू ठेवला. सकाळी पाणी ३३ अंश, अकरा टेट्रांपैकी सात गेले, आणि आई म्हणाली, माशांना आंघोळीचं पाणी काढलं होतंस का.

तेव्हापासून कुठलीही वस्तू जोडताना मी आधी हे बघतो की डबा मेला तर ही वस्तू कुठल्या अवस्थेत अडकेल. हीटर बंद अवस्थेत अडकला पाहिजे, म्हणून रिलेच्या एनओ टोकावर (रिलेला करंट नसताना हीटरचा जोड तुटलेला ठेवणारं टोक), आणि आकडा १५ ते ३५ च्या बाहेर आला की हीटर बंद करून बझर वाजवायचा (सुरू होताना हाच प्रोब कधी कधी ८५ सांगतो, तोही यात पकडला जातो). २४.५ ला चालू, २५.५ ला बंद. पण रिलेच्या आतली संपर्काची पट्टी चिकटून बसली तर कोड काहीच करू शकत नाही, म्हणून हीटरची स्वतःची चकती २७ वर. सीओटूचा (झाडांसाठी सोडायच्या कार्बन डायऑक्साइडचा) व्हॉल्व्ह असा घ्या की करंट असेल तरच उघडतो, लाईटच्या तासभर आधी चालू आणि तासभर आधीच बंद, अंधारात झाडं गॅस घेत नाहीत, उगाच माशांचा श्वास कोंडतो. व्हॉल्व्ह १२ व्होल्टचा मिळाला तर मॉस्फेटवरच चालेल, फक्त त्याला उलटा डायोड लावा. आणि फिल्टर? तो कंट्रोलरवर घेऊच नका. थेट भिंतीला, चोवीस तास.

२३० व्होल्टचं काम येत नसेल तर तेवढ्यापुरता वायरमन बोलवा, लाजू नका. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या, रिलेचा डबा टँकच्या खाली नको, आणि प्रत्येक वायरला प्लगच्या आधी खाली झोळ ठेवा म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथेच गळून जाईल, सॉकेटमध्ये शिरणार नाही.

सगळं जोडलं की लगेच टँकवर नको. आठवडाभर बादलीत चालवा, आणि त्यात मुद्दाम प्रोब उपटा, मधेच सप्लाय काढा, बझर वाजतो का बघा.

हीटर किती वॉटचा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. ५५ लिटरला ५० पुरतो, पुण्यात तरी पुरला, आणि तो रात्रभर अडकून राहिला तरी पाणी तासाला जेमतेम पाऊण अंश चढतं. १०० चा असेल तर आधी तो बदला, मग रिले आणायला जा.